क्लीनर साइड

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात नवशिका मुलगा ट्रकमध्ये चढतो तो डाव्या दाराने. धंद्यात त्या बाजूला ‘क्लीनर साइड’ म्हणतात, तिथे बसणारा तो खलाशी आणि चालवणारा त्याचा उस्ताद. हाती पैसा थोडा, जेवणखाण उस्तादाबरोबर. स्टिअरिंगला हात लागायला महिने जातात, कधी वर्षंही.

कायद्यात खलाशीपणाची ही पायरी कुठेच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार व्यावसायिक वाहनासाठी वयाची २० वर्षं पूर्ण हवीत आणि आधी किमान वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना हातात हवा. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. सरकारमान्य केंद्रात जड वाहनाचं प्रशिक्षण ३८ तासांचं, तेही सहा आठवड्यांत. मालासह एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी मात्र हलक्या परवान्यावरच चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे सियागंजातून किराणा भरून महू किंवा देवासला पोचवणारी पिकअप, ही पुष्कळांची पहिली गाडी.

मोठ्या ट्रकवर शिक्षण सुरू होतं टायरपासून. दोन एक्सलच्या ट्रकला मागे चार टायर, जोडीजोडीने. माल भरून अशा गाडीचं वजन साडेअठरा टनांपर्यंत नेता येतं. जोडीतल्या आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा भार उचलून धरतो, गाडी झुकत नाही आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. पुढे एकट्यावर भार पडलेला तो टायर तापतो आणि फुटतो. म्हणून दर थांब्यावर खलाशी लोखंडी टॉमी घेऊन गाडीला फेरी मारतो. हवा भरलेल्या टायरवरून टॉमी टणकन उसळते, बसलेल्यावर नुसती धप्प होते. चारदोन रात्रींत कान तयार होतो. मग हाताच्या पाठीने टायरचा ताप बघायचा. ताडपत्रीचंही तसंच. रस्सा ढिला राहिला आणि सोयाबीनची पोती भिजली, तर नुकसान भाड्यातून कापलं जातं.

ड्रायव्हरला डावीकडचं फारसं दिसत नाही. गोदामात गाडी मागे घेताना खलाशी खाली उतरून ‘आने दो, आने दो’ म्हणत राहतो आणि ‘बस’ म्हणताना पत्र्यावर थाप मारतो. गाडीची लांबी किती, वळताना मागची चाकं किती आत येतात, हे त्याला बाहेर उभ्याने आधी कळतं. स्टिअरिंग मिळतं ते पुढे, रिकाम्या गाडीचं आणि मोकळ्या रस्त्यावर. शिकाऊ परवाना खिशात आणि परवानावाला उस्ताद शेजारी असेल तरच हे कायद्यात बसतं. नेहमी तसं असतंच असं नाही.

खरी परीक्षा घाटाची. धुळ्याकडे निघालेली गाडी मानपूरनंतर माळव्याचं पठार सोडून गणेश घाटाने निमाडात उतरते. हा घाट अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. भरलेल्या गाडीचे ब्रेक सतत दाबून ठेवले की ड्रम तापतात, लायनिंगची पकड सुटते आणि पाय पॅडलवर असूनही गाडी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे ड्रायव्हर हा धोका स्वतःच ओढवून घेतात. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट: ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, त्यामुळे टाकीतली हवा काही दाबांतच संपत जाते, आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. उस्ताद सांगतात ते सोपं आहे. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, गाडी इंजिनावर धरा आणि ब्रेक अधूनमधून द्या. चढताना जो गिअर लागला असता, तोच उतरताना. पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाट आहे आणि त्याखाली धुळे जिल्ह्यातलं पळासनेर. तिथे ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि दहाच्या आसपास माणसं गेली.

कागदांचं काम त्या मानाने लवकर जमतं: बिल्टी, विमा, फिटनेस, परमिट, ई-वे बिल. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे इंदूर-मुंबईच्या सुमारे ५८५ किलोमीटरना तीन दिवस. गाडी वाटेत बिघडली तर मुदत वाढवून घ्यायची, हे ज्याला ठाऊक नसतं त्याच्या मालकाला दंड बसतो.

अडचण आता वेगळीच झाली आहे. खर्च वाचवायला बरेच मालक खलाशी ठेवतच नाहीत. नव्या परवानेवाल्याकडे मात्र अनुभव मागतात, आणि तो जिथे मिळायचा ती डावी सीट रिकामी धावते. त्याच्यावर कोणी विश्वास टाकलाच, तर आधी पिथमपूरपर्यंतचा जवळचा फेरा आणि ताफ्यातली सगळ्यात जुनी गाडी मिळते. गोदामात मागे घ्यायची वेळ आली की तो एखाद्या हमालाला हाक मारून मागे उभा करतो. वाटेत चहाला थांबला की स्वतःच उतरतो, सीटखालची टॉमी काढतो आणि टायर ठोकत गाडीला फेरी मारतो.