मोठ्या जातीच्या कुत्र्यांची खुबेदुखी

ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर सकाळी फेरफटका मारला, की लॅब्रेडॉर, अल्सेशियन, गोल्डन रिट्रीव्हर अशी मोठी कुत्री मालकांबरोबर फिरताना दिसतात. त्यांतला एखादा कुत्रा कंबर हलवत, मागचे पाय ओढत चालतो. विचारले तर मालक म्हणतात, "वय झालं आता त्याचं," किंवा "खाऊन खाऊन आळशी झालाय." पुष्कळदा खरे कारण निराळे असते. त्या कुत्र्याचा खुबा दुखत असतो.

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खोबणीत बसतो, तो खुब्याचा सांधा. मोठ्या जातीच्या काही पिल्लांत हा सांधा सैल राहतो. माथा खोबणीत घट्ट न बसता हलत राहतो, त्यावरील कूर्चा झिजते आणि पुढे संधिवात जडतो. या दोषाला 'हिप डिस्प्लेझिया' म्हणतात. तो आनुवंशिक आहे. पण वाढीच्या वयात खाणे जास्त झाल्यास बळावतो. सहा महिन्यांच्या पिल्लातही तो दिसू शकतो. म्हणजे हे केवळ म्हातारपणाचे दुखणे नव्हे.

ओळखावे कसे?

सांधा दुखतो म्हणून कुत्रा सहसा केकाटत नाही. त्याचे वागणे बदलते. सकाळी उठताना तो पुढच्या पायांवर जोर देऊन अंग वर ओढतो आणि थोडे चालल्यावर मोकळा होतो. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो. जिन्यापाशी थबकतो. बसताना पाय एका बाजूला टाकतो. मांड्या बारीक होतात व खांदे भरदार दिसतात. कमरेला हात लावला तर एखादा प्रेमळ कुत्राही गुरगुरतो.

अशी लक्षणे दिसल्यास पशुवैद्यांकडून तपासणी व क्ष-किरण फोटो करून घ्यावा. गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे, मणक्याचे विकार आणि गोचिडांमुळे होणारा ताप यांतही कुत्रा लंगडतो. मागचे पाय अचानक लुळे पडले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. अधिक तपासणीसाठी परळला १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

सर्वांत मोठे औषध : वजन

अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास केला गेला. जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणारी कुत्री सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगली आणि त्यांच्यात खुब्याचा संधिवात कमी व उशिरा आढळला.

आपल्याकडे प्रेम म्हणजे ताटातली उरलेली पोळी, चहाबरोबरची बिस्किटे आणि वाटीभर दूध! घरातला प्रत्येकजण थोडे थोडे देतो आणि कुत्र्याचे वजन वाढत जाते. बरगड्या हाताला सहज लागाव्यात आणि वरून पाहिल्यास कंबर दिसावी, हे योग्य वजनाचे माप. पिल्लांना हाडे मजबूत व्हावीत म्हणून मनानेच कॅल्शियम पाजू नये. त्याने मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडे बिघडतात.

घरी काय करावे?

गुळगुळीत फरशीवर कुत्र्याचे पाय घसरतात, म्हणून त्याच्या वावराच्या जागी रबरी चटई किंवा न सरकणारी सतरंजी घालावी. नखे व पंजातले केस कापावेत. झोपायला जाड गादी द्यावी. दिवसातून दोन-तीनदा, साखळीला धरून, मातीच्या जमिनीवर थोडे थोडे फिरवावे. चेंडूसाठी उड्या मारायला लावू नये. अगदी बसवूनही ठेवू नये, कारण स्नायू सुकले की सांधा अधिकच सैल होतो. सोसल्याइतक्या गरम पाण्याच्या पिशवीने, कापडात गुंडाळून, दहा मिनिटे शेकावे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे, टॉवेल घालून मागचा भार उचलून धरावा.

घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव होतो व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही धोक्याचे आहे. कुत्र्यांसाठीची वेदनाशामके पशुवैद्य वजन पाहून ठरवितात. फार त्रास असल्यास शस्त्रक्रियेचा मार्गही आहे.

नवे पिल्लू घेणार असाल, तर त्याच्या आईवडिलांच्या खुब्यांचे क्ष-किरण फोटो काढले आहेत का, हे आधी विचारावे. आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी उद्या सकाळी तो उठतो कसा, एवढे जरूर पाहावे. त्याला सांगता येत नाही. आपल्याला पाहता येते.