मुद्दल आणि व्याज
उभी हयात बँकेत गेली. रक्कम कुणाच्या खाती जमा पडली, हे पाहायची खोड अजून जात नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पंजाबी तजिंदर सिंगच्या ‘कॉर्नरशॉप’ने १९९७ साली ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ काढले. सांगलीत जन्मलेल्या आशाबाईंना आणि हिंदी पार्श्वगायनाला केलेला तो सलाम! पण ब्रिटिश यादीत गाणे ६०व्या क्रमांकावरच अडले. मग नॉर्मन कुकने लय वाढवली, दणदणीत ठेका घातला आणि फेब्रुवारी १९९८मध्ये तेच गाणे पहिले आले. त्यात आशाबाईंचा एकही सूर नाही. तरीही आपल्या गायिकेचे नाव गोऱ्यांच्या ओठी बसले. श्रेय कुणाचे? मी म्हणेन, मुद्दल तजिंदरचे. कुकचे फक्त व्याज.