पंधरा ऑगस्ट आणि एकतीस ऑगस्ट

१ मे २०२० ला महाराष्ट्र साठ वर्षांचा झाला, पण यवतमाळ जिल्ह्यात तो दिवस कुणाच्या लक्षातही राहिला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मोजक्या अधिकाऱ्यांसमोर झेंडा चढला. कोरोनाच्या साथीमुळे शाळांना मार्चपासून कुलपं होती. त्याच कामगारदिनी तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडकडे मजुरांसाठीची पहिली विशेष रेल्वे सुटली. ज्यांना गाडी मिळाली नाही ते पायीच निघाले. हैदराबाद–नागपूर महामार्ग आपल्या पाटणबोरी, पांढरकवडा, करंजी, वडकीवरून जातो. त्या उन्हाळ्यात डोक्यावर बोचकं आणि कडेवर लेकरू घेऊन चाललेली माणसं आम्ही या रस्त्यावर रोज पाहिली. लोकांनी भाकरी दिल्या, पाणी दिलं, कुणी पायातल्या चपला काढून दिल्या. हे सगळं खरं आहे. पण भाकरी हातावर ठेवता ठेवता विचारलेला प्रश्नही मी ऐकला आहे : "कोन लोक तुम्ही?"

हा प्रश्न साथीआधीही होता. साथीने त्याला फक्त आरोग्याचं निमित्त दिलं.

त्याच मे महिन्याच्या २५ तारखेला अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाच्या गुडघ्याखाली कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइड गुदमरून मेला, आणि साथ असूनही लोक रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी, जून २०२१ मध्ये, तिथे १९ जून ही राष्ट्रीय सुट्टी झाली. गुलामांच्या मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ पासून लागू होती. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला ती पोचली १९ जून १८६५ रोजी. म्हणजे स्वातंत्र्य काही माणसांपर्यंत अडीच वर्षं उशिरा गेलं, आणि त्या देशाने त्या उशिराची तारीख आता सुट्टीच्या यादीत लिहिली आहे. ही बातमी वाचली तेव्हापासून मला आपली एक तारीख सारखी आठवते.

फासेपारध्यांना आणि त्यांच्यासारख्या अनेक जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याचा आधार घेऊन जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. देश १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला, तरी हा शिक्का देशभरातून निघायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. पाच वर्षं आणि सोळा दिवस. त्यानंतरही महाराष्ट्रात सराईत गुन्हेगारांसाठीचा १९५९ चा कायदा राहिला. पुस्तकातून शिक्का गेला, पण पोलिसांच्या आणि गावाच्या मनातून गेला नाही. तुरुंगातली कामं जातीवर वाटण्याची पद्धत घटनाविरोधी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावं लागलं. शिक्का निघालेल्या या विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका, हेही त्याच निकालात बजावावं लागलं. पत्रकार सुकन्या शांता यांनी ते प्रकरण न्यायालयात नेलं. हा निकाल प्रत्येक पोलीस ठाण्यात मराठीतून वाचून दाखवायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाळेबंदीत पारध्यांच्या बेड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, माणसं कशी जगली? हिंडून पोट भरणाऱ्याला 'घरातच राहा' म्हणणं म्हणजे काय, ते मी एका म्हाताऱ्याकडे पाहून समजलो. आधार कार्ड आणि रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी त्याने सदऱ्याच्या आत दोरीने गळ्यात बांधली होती. पिठासाठी गावात यायचं तरी ती पिशवी गळ्यात. मास्कबद्दल कुणी विचारायच्या आधी तो पिशवीच बाहेर काढायचा. टाळेबंदी उठली, मास्क गेले. पिशवी मात्र गेल्या पोळ्यालाही त्याच्या गळ्यात होती.

कोलाम आदिवासींचं दुखणं वेगळं. झरी-जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतल्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, घरी कोलामी बोलतात, मराठी शाळेत शिकतात. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही घोषणा पोडावर कशी पोचणार? मोबाइल एखाद्याकडे, आणि त्यालाही रेंज नाही. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले आणि जानेवारीत पुन्हा बंद झाले. जून २०२० ला पहिलीत नाव घातलेलं मूल शाळेचा पहिला खराखुरा पंधरा ऑगस्ट पाहत होतं तेव्हा तिसरीत होतं. २०२२ च्या त्या सकाळी मी एका पोडावर होतो. रांगेतल्या मोठ्या मुली 'जन गण मन' म्हणत होत्या आणि तिसरीतली पोरं त्यांच्या ओठांकडे पाहून मागून तोंड हलवत होती. गुरुजी त्यांना रागावले नाहीत. झेंडावंदन आटोपल्यावर त्यांनी मुलांना पटांगणातच बसवलं आणि एकेक ओळ पुन्हा म्हणून घेतली. या जिल्ह्यात त्या वर्षी मी पाहिलेली देशभक्ती ती.

तेव्हा 'हर घर तिरंगा' सुरू होतं. कुडाच्या घरांवरही झेंडे होते, बहुतेक पॉलिस्टरचे. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली आणि तशी मुभा मिळाली. ज्या जिल्ह्यात कपाशी पिकते, जिथल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या सगळ्या देशाला माहीत आहेत, तिथे तरी झेंडा सुती असायला हवा होता. ते मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं.

कोरोनाच्या लसीच्या वेळी 'आदिवासी अडाणी, पळून जातात' असं बोलणारे पुष्कळ भेटले. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी इथे बारा लेकरांना पोलिओ डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, हे मात्र त्यांना आठवत नव्हतं. ती बातमी गावोगाव गेली होती. घाबरलेल्या आईला अडाणी म्हणू नये. रोगराई शिवारात शिरू नये म्हणून गावबांधणीला पूर्वी इतर जातींचे लोक कोलामांनाच बोलवत. तेव्हा त्यांचं ज्ञान चालत होतं.

आता सगळे सणवार परत आले आहेत. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुका निघतात, १४ एप्रिलला निळे झेंडे लागतात, पंधरा ऑगस्टला भाषणं होतात. ३१ ऑगस्टला विमुक्त दिनाचे कार्यक्रम होतात, पण ते बहुतेक विमुक्तच करतात. बाकी गाव तिकडे फिरकत नाही.

जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. सुट्टी नको, मिरवणूक नको. ३१ ऑगस्टच्या परिपाठात दहा मिनिटं काढा आणि १९५२ साली त्या दिवशी काय झालं ते मुलांना सांगा. बेड्यावरच्या आणि तांड्यावरच्या आईबापांना त्या दिवशी शाळेत बोलवा, आणि बसायला खुर्ची द्या, पहिल्या रांगेत.