राखेतून पाण्यात काय उतरते?

नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राची राख पाण्यात कालवून तलावात सोडतात. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख-तलावाचा बांध फुटून ती शेतांत, नाल्यांत शिरली. अशा राखेतून शिसे, आर्सेनिक किती झिरपेल? उत्तर बरेचसे चाचणीवर ठरते. अमेरिकेत १९९० पासून रूढ झालेल्या चाचणीत राख तिच्या वीसपट वजनाच्या सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात सुमारे १८ तास घुसळतात. हे आम्ल म्हणजे कुजत्या शहरी कचऱ्याची नक्कल. राखेच्या तलावात ते कोठून येणार? आम्लात शिसे सहज उतरते, पण अल्कधर्मी पाण्यात सुटणारे आर्सेनिक या चाचणीत कमी दिसू शकते. म्हणून उभ्या नळीत राख भरून तीतून साधे पाणी संथपणे सोडण्याची पद्धत आम्हांला अधिक विश्वासाची वाटते. ती वेळखाऊ खरी. पण पहिल्या दिवशी किती उतरले आणि विसाव्या दिवशी किती, हे तीच दाखवते.