काळ्या पाषाणाचे शिक्षण

2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकच्या गोदाघाटाच्या सुशोभीकरणाची चर्चा पुन्हा रंगू लागली आहे. त्या संदर्भात संगणकावर रचलेले एक संकल्पचित्र परवा पाहण्यात आले आणि मनाला फार लागले. कारण त्या घाटावर ना सकाळ होती, ना सायंकाळ, आणि एकाही पायरीला स्वतःची सावली नव्हती.

तैलरंगांशी माझा संबंध पन्नास वर्षांहून जुना. त्यांपैकी एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांसाठी घडे-तांबे रेखाटण्यात गेलेली आरंभीची वर्षे आणि नोकरीच्या रगाड्यात सरलेली नंतरची दशके यांविषयी सांगण्याजोगे फारसे नाही. सांगण्याजोगे आहे ते 1968 आणि 1980 या दोन सिंहस्थांमधले तप.

नाटकांचे पडदे रंगविण्यात हयात घालविलेल्या एका वृद्ध चित्रकारांपाशी मी तेव्हा शिकत असे. विलायती रंगांच्या नळ्या दुर्मीळ होत्या. मांजरपाटाला सरस आणि सफेता लावून कॅनव्हास आम्ही घरीच सिद्ध करीत असू. गावाच्या बाजूच्या तीरावर प्रातःकाळी उभे राहिले, की पलीकडे पंचवटीच्या अंगाला, 1747 साली उभारलेले नारोशंकराचे देऊळ उगवतीचा प्रकाश पाठीशी घेऊन एकसंध काळे दिसे; परंतु गुरुजींच्या रंगपाटीवर काळ्या रंगाला मज्जाव होता. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून, कुठे निळसर तर कुठे तांबूस झुकवीत, तो पाषाण घडवावा लागे. गडद वस्तूचे पाण्यातील प्रतिबिंब तिच्याहून किंचित उजळ आणि उजळ वस्तूचे किंचित गडद असते, हे मी तिथेच डोळ्यांनी पडताळले. खालचा थर टर्पेंटाईनने पातळ आणि वरचे थर क्रमाने जवसाच्या तेलाने अधिक स्निग्ध ठेवावयाचे, अन्यथा कालांतराने चित्राला भेगा पडतात. दोन तासांत प्रकाश पालटे, रंग वाळावयास दिवसच्या दिवस जात, आणि म्हणून त्याच घटकेला त्याच पायरीवर पुन्हा पुन्हा यावे लागे. त्यामुळे बुधवारचा बाजार, श्राद्धाला आलेले यजमान, आषाढातले गढूळ पाणी, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढणारा पूर, हे सारे हळूहळू हाताच्या वळणात उतरत गेले.

याच काळात एका प्रदर्शनासाठी पाठविलेले माझे चित्र ‘घाटाचे दृश्य जलरंगातच शोभते’ असा शेरा मारून नामंजूर करण्यात आले. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निष्णात चित्रकारांनी जलरंगात जे साधले त्यापुढे मी नतमस्तक आहे. तथापि तो शेरा मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही. वाहते पाणी जलरंगाला वश होत असेल, पण नाशिकचा घाट हा आधी पाषाण आहे आणि मग पाणी, आणि शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या त्या पाषाणाचे वजन पेलण्याचे सामर्थ्य तैलरंगाच्या दाट थरातच आहे.

पुढे 2003 च्या सिंहस्थाच्या सुमारास कुंडांच्या तळांशी काँक्रीट अंथरले गेले. जिवंत झरे बुजल्याचा आक्षेप नदीप्रेमींनी घेतला, तो रास्तच होता. चित्रकाराच्या दृष्टीने आणखी एक हानी झाली. खडक आणि वाळू यांमुळे उथळ पाण्याला जी तपकिरी-हिरवी खोली येत असे ती गेली, आणि प्रतिबिंबांना आतून आधार देणारा काळोखच नाहीसा झाला. त्या ठिकाणी आज कुंचल्याला करावयाचे काम म्हणजे एक सरसकट करडा पट्टा ओढणे.

विद्यार्थीही आता भ्रमणध्वनीवर छायाचित्र टिपून घरी जाऊन रंगवितात. त्यांना दोष देववत नाही, कारण ज्या जागी दृष्टी खिळून राहावी असे काही उरू दिले नाही, तिथे त्यांनी तासन्‌तास उभे तरी कशासाठी राहावे? कारभाऱ्यांकडे माझी दरखास्त एवढीच, की येत्या सिंहस्थासाठी जी काही तजवीज व्हावयाची ती खुशाल व्हावी, भाविकांच्या सोयी अवश्य वाढाव्यात. मात्र जुन्या पायऱ्यांच्या काळ्या पाषाणावर फरशी चढवू नये आणि नदीचा जो तळ अद्याप खुला आहे तो पुन्हा झाकू नये. नाशिकच्या पुढच्या पिढीला आपली नदी पाहावयास शिकविणारी दुसरी शाळा या गावात नाही.