पॅराक्वॅट फवारताय? पाणी स्वच्छ घ्या, बाटली बदलू नका



पाऊस उघडला की येलदरी शिवारात कपाशीच्या ओळींतल्या तणावर पॅराक्वॅट मारणं सुरू होतं. "तण जळालंच नाही" म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी पंपात पाणी कुठलं भरलं होतं ते आठवा.

पिरिडीन नावाचं एक रसायन आहे. 5 कार्बन आणि 1 नायट्रोजन यांची कडी, वास कुजक्या मासळीसारखा. आपल्या देशात ते उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासूनही बनवतात. इमिडाक्लोप्रिड, क्लोरपायरीफॉस यांच्यात हीच कडी असते. पॅराक्वॅटमध्ये अशा दोन कड्या जोडलेल्या असतात आणि दोन्हींवर धन विद्युतभार असतो. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार. त्यामुळे माती दिसली की पॅराक्वॅट तिला घट्ट चिकटतं आणि निकामी होतं. म्हणूनच जमिनीवर पडलेलं पॅराक्वॅट कपाशीच्या मुळाला लागत नाही. पण पूर्णेचं किंवा नाल्याचं गढूळ पाणी पंपात भरलं, तर औषध टाकीतच मातीला चिकटून वाया जातं. विहिरीचं किंवा बोअरचं नितळ पाणी घ्या, गाळून भरा. ग्लायफोसेटलाही हेच लागू आहे.

पंपाला हूड लावा. हे हिरवं दिसेल ते जाळतं; तण आणि कपाशीचं पान यात फरक करत नाही.

आता जास्त महत्त्वाचं. आपण याला 'औषध' म्हणतो, पण पोटात गेलं तर यावर उतारा नाही. एक घोटसुद्धा जीव घेऊ शकतो. माणूस एक-दोन दिवस बरा दिसतो, म्हणून घरचे गाफील राहतात. मग किडनी आणि फुप्फुसं निकामी होत जातात. त्यामुळे पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ते कधीही ओतून ठेवू नका. मूळ डब्यातच, कुलपात ठेवा. नळी तोंडाने ओढू नका, नोझल फुंकू नका.

अंगावर सांडलं तर कपडे काढून लगेच साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर 15 मिनिटं पाण्याची धार धरा आणि डॉक्टरांना दाखवा. पोटात गेल्याची नुसती शंका असली तरी मीठपाणी पाजून उलटी करवू नका, त्रास होण्याची वाट बघू नका. दवाखान्यात कोळशाची पूड किंवा मुलतानी माती देतात, तीही विष चिकटवून घेण्यासाठीच. पण तिचा उपयोग पहिल्या तासा-दोन तासांतच. 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने जिंतूर किंवा परभणी गाठा. लेबलसकट डबा सोबत न्या.