उजेड हवा, ऊन नको

स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम ६ तासांचा. म्हणून तिथल्या घरांत पांढऱ्या भिंती, मोकळ्या खिडक्या आणि बर्च-पाइनचं फिकट लाकूड दिसतं. मिळेल तो उजेड खोलीभर खेळवायचा, हा त्यामागचा हेतू. भिलाईत त्याच महिन्यात दिवस जवळपास ११ तासांचा असतो आणि मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. इथं उजेड आत घ्यायचा तो गाळूनच. भिंत पांढरी ठेवावी, पण पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा हवाच.

१९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या सेक्टरांतल्या आटोपशीर क्वार्टर्सना या नॉर्डिक शैलीचं दुसरं सूत्र मात्र चपखल बसतं: सामान थोडं, पण अनेक कामांचं. फिनलंडच्या आल्वार आल्टोचं १९३३चं तीन पायांचं स्टूल बसायला चालतं, पुस्तकं ठेवायला चालतं आणि एकावर एक रचून कोपऱ्यात मावतं.

डेन्मार्कच्या हान्स वेग्नरनं १९४९मध्ये आखलेल्या ‘विशबोन’ खुर्चीची बैठक आजही हातानं विणतात. एका खुर्चीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते! बाज विणणाऱ्यांच्या देशात हे कसब परकं नाही.

साहित्यही जवळच आहे. बस्तरचं बांबूकाम, चांप्याचा कोसा, सालाचं लाकूड. साल गडद आणि जड असतो. पांढऱ्या भिंतीशेजारी त्याचं एखादंच बाक पुरेसं उठून दिसतं.